चाळीस भरलेले कंदील

परवा दिवेलागणीला वीज गेली. माझे जावई पूर्वी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. तेव्हापासून आमच्या इमारतीतले शेजारी वीज गेली की मलाच येऊन विचारतात, "आजी, कधी येणार?" मी म्हणते, "दिवस-घटका मला कुणी कळवलेली नाही." त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा नाही, सवय आहे. ज्या घरात मी वाढले तिथे 'कधी येणार' याला हेच उत्तर मिळायचं, आणि तो प्रश्न विजेबद्दल नसायचा.

त्यात नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. सकाळी नळाखाली हात धरला की बोटं आखडतात, हातगाड्यांवर पेरू आणि आवळे शेजारी शेजारी बसतात, आणि आमच्या देवळात वेदीवर जांभळं कापड चढतं. आगमनकाळ सुरू होतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार. शेजारच्या मंडळींना नाताळ माहीत असतो, केक तर फारच माहीत असतो. आगमनकाळ कुणाला माहीत नसतो. सोपं करून सांगायचं तर, नाताळ म्हणजे जो येऊन गेला त्याचा सण, आणि आगमनकाळ म्हणजे जो पुन्हा येणार म्हणून सांगून गेलाय त्याची तयारी. सण काय, सगळेच करतात. तयारी मात्र मी आमच्या वस्तीत पाहिली तशी पुन्हा कुठे पाहिली नाही.

मेणबत्ती सापडेना म्हणून माळ्यावरचा कंदील काढला. एका बाजूने काच तडकलेली, मुठीची तार गंजलेली. टाकीत थेंब नाही, पण झाकण फिरवून नाक लावलं तर घासलेटाचा वास अजून होता. मग वीज केव्हा आली ते मला कळलं नाही. शेजारचा मुलगा सांगायला आला तेव्हा मी डोळे मिटून, अंधारच आहे असं समजून बसले होते, आणि डोक्यावर दिवा लागलेला होता.

आमची वस्ती नाशिक गावाच्या पश्चिमेला होती, शेतं सुरू व्हायची तिथे. चाळीस घरं, एक देऊळ, एक शाळा, एक सुतारकामाचा कारखाना, आणि रविवारी बंद असणारं एक दुकान. आमचे आजे-पणजे म्हणजे दुष्काळात मिशनने उचलून आणलेली पोरं. कोण हरसूलकडचं, कोण देवळ्याकडचं, कोण कुठलं ते त्यालाही ठाऊक नाही. घरं सगळी एका मापाची, एका रांगेत, एकाच रंगाच्या दारांची. दिवसाउजेडीसुद्धा नवा माणूस चुकायचा. मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय तेव्हा मी दहा वर्षांची होते. नाशिकरोड स्टेशनापासून गावात येणारी ट्राम तेव्हा बंद पडली होती आणि टांगेवाल्यांचे दिवस आले होते.

वस्तीची एक रीत होती. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरातला एक कंदील उतरवायचा, राखेने काच लख्ख करायची, नवी वात घालायची, गळ्यापर्यंत तेल भरायचं आणि दाराबाहेरच्या खुंटीला तो टांगायचा. पेटवायचा मात्र नाही. तो प्रभूचा कंदील. चार आठवडे तो तसाच लटकायचा, आणि नाताळच्या पहाटे चाळीस घरांतले चाळीस कंदील एकदम पेटून देवळाकडे निघायचे. मधेच प्रभू आला तर अर्थात तेव्हाच पेटणार होते. घरात उजेड हवा असेल तर पत्र्याची धूर सोडणारी चिमणी लावा, नाहीतर लवकर झोपा. बहुतेक लोक लवकर झोपत. दर रविवारी दुपारी दोन बायका घरोघर जाऊन कंदील हलवून बघत. तेल डुचमळल्याचा आवाज आला तर कमी आहे, आणि आवाज आला नाही तर तुडुंब आहे. ज्या घरचा कंदील डुचमळला त्या घराची आठवडाभर चर्चा. आमचा कधीच डुचमळला नाही, कारण आमच्या घरी रिबकाआत्या होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. विधवा, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून घर आत्याने चालवलं आणि मला आत्याने वाढवलं. प्रभू कोणत्याही क्षणी येईल, आणि त्यातही घर पसरलेलं असेल नेमका तेव्हाच येईल, अशी तिची खात्री होती. त्यामुळे रात्री उष्टं भांडं मोरीत राहू द्यायचं नाही. अंथरुणाच्या दोन धुतलेल्या चादरी पेटीत कायम तयार. आणि रोज रात्री पेलाभर दूध झाकून ठेवायचं. "एवढ्या लांबून येणार," ती म्हणायची, "निदान चहाला दूध असावं." सकाळपर्यंत कोणी आलं नाही की ते दूध मला मिळायचं. प्रभूने उशीर केला याचा माझ्या प्रकृतीला फायदाच झाला. एकदा मी विचारलं, "आत्या, प्रभू चहा पितो का गं?" ती म्हणाली, "तू विचारून तर बघ आल्यावर."

हसू नका. मी आता हसते, पण त्या घरात मला कधी भीती वाटली नाही. पुढे शाळेत नोकरी करताना मी इतरांकडून न्यायाच्या दिवसाची वर्णनं ऐकली. आग, कर्णे, थरथर. आमच्याकडे त्यातलं काही नव्हतं. पाहुणा यायचाय, घर आवरा, एवढंच होतं.

त्या वर्षी आम्ही दोघांची वाट पाहत होतो. बाबा कारखान्यात सुतारकाम करायचे. लाकडाच्या भुशाने म्हणा की नशिबाने म्हणा, त्यांच्या छातीने दगा दिला आणि वैशाखात त्यांना दूरच्या एका आरोग्यधामात पाठवलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एक पोस्टकार्ड आलं. मला ते अजून पाठ आहे, कारण मी दिवसातून दोनदा वाचायची: प्रकृती बरी आहे. नाताळाआधी सोडतील असं डॉक्टर म्हणतात. दिवस नक्की नाही. कोणी घ्यायला येऊ नका, संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीला रहमानचा टांगा असतोच. थंडीत फिरू नको असं बजावलंय.

आत्याने कार्ड वाचून देव्हाऱ्यात ठेवावं तसं शास्त्राच्या पोथीत, म्हणजे बायबलात, ठेवलं आणि म्हणाली, "एकाचा दिवस ठाऊक नव्हता, आता दुसऱ्याचाही नाही. घर आवरलेलं असलेलं बरं." आणि तिने चादरी उन्हात घातल्या. त्या कोणासाठी होत्या ते मी विचारलं नाही.

रहमानचाचा म्हणजे आमच्या वस्तीच्या शेवटी, ओढ्यापलीकडे राहणारा टांगेवाला. बाबांच्या वयाचा. त्याच्या टांग्याची मोडलेली चाकं बाबांनी किती वेळा नीट करून दिली असतील, आणि बाबांना आरोग्यधामाच्या गाडीत बसवायला स्टेशनावर त्यानेच नेलं होतं. त्याची घोडी तांबडी, तोंडाळ, आणि मला बघितलं की कान मागे टाकायची. मला ती आवडायची. तिला पेरू आवडायचे.

आता माझ्या शहाणपणाबद्दल सांगायला हवं. दर वर्षी नाताळाआधीच्या रविवारी शाळेत दहा कुमारींचं नाटक व्हायचं. शास्त्रातली गोष्ट आहे. दहा मुली रात्रीच्या वेळी नवरदेवाला सामोऱ्या जायला दिवे घेऊन निघतात. पाच शहाण्या, त्या जास्तीचं तेल बरोबर घेतात; पाच मूर्ख, त्या घेत नाहीत. नवरदेवाला उशीर होतो. मूर्खांचे दिवे विझायला लागतात आणि त्या शहाण्यांकडे तेल मागतात. शहाण्या देत नाहीत. मूर्ख बाजारात जातात, तेवढ्यात नवरदेव येतो आणि दार बंद होतं. आमच्या देवळाचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांनी मला आधी मूर्खांमध्ये घातलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे मला शहाण्यांमध्ये घेतलं, आणि वर एक वाक्यही दिलं: "तेल मिळायचं नाही. आमचं आम्हांलाच पुरेल की नाही कोण जाणे. जा, दुकानातून विकत आणा!"

हे वाक्य मी विहिरीवर म्हटलं, पेरूच्या झाडाला म्हटलं, शेजारच्या शेळीला म्हटलं. हात कसा पुढे करायचा, 'जा' म्हणताना मान कशी वळवायची, सगळं बसवलं. आत्या शिवता शिवता ऐकायची आणि म्हणायची, "आणखी ठसक्यात!" पंधरा दिवसांत ते वाक्य माझ्या जिभेवर असं बसलं की कोणी काही मागायचा अवकाश.

तिसऱ्या रविवारी मला पडसं झालं होतं. संध्याकाळच्या उपासनेला सगळी वस्ती देवळात गेली आणि आत्याने मला चुलीवरच्या वरणाशी बसवलं. देवळातलं गाणं अर्धवट ऐकू येत होतं. दार उघडंच होतं. दारात रहमानचाचा उभा राहिला, हातात टांग्याची काढलेली बत्ती.

"सुवीबेटा, आत्या हाय का?"

"देवळात गेलीय."

"मग तूच दे गं. बोटभर घासलेट दे. घोडीनं बाटली लाथाडली, सगळं सांडलं. बत्ती नसली तर नाक्यावरचा पोलीस सोडत नाय, आणि मुंबईची गाडी आता चुकंल. वस्तीत दुसरं कोणी घरात नाय. उद्या दुप्पट आणून देतो."

आमच्या फळीवर अर्धी बाटली घासलेट होतं. हे मला कबूल केलंच पाहिजे. ते कंदिलासाठी राखलेलं होतं, शहाण्या कुमारींनी राखलं होतं तसं. खुंटीवरचा कंदील तर तुडुंब होताच. चाचाने बत्ती पुढे केली आणि माझ्या अंगात आनंदाची शिरशिरी आली. खरोखर आनंदाची. इतके दिवस शेळीला म्हणत होते ते आता खऱ्या माणसाला म्हणायची वेळ आली होती. मी उठले, हात पुढे केला, मान वळवली.

"तेल मिळायचं नाही. आमचं आम्हांलाच पुरेल की नाही कोण जाणे. जा, दुकानातून विकत आणा!"

चाचाने बत्ती खाली केली. मग म्हणाला, "दुकान तर आज बंद हाय ना बेटा. इतवार." आणि मी काहीच बोलले नाही, कारण माझं वाक्य तिथेच संपत होतं.

तो गेला. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडून घोडी सोडल्याचा आवाज आला. गाडीला निघायची वेळ टळली होती आणि टांगा जागेवर होता. पोस्टकार्ड मला पाठ होतं, तरी मला त्या घडीला ते आठवलं नाही. आत्या आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, अभिनयासकट. आत्या हसली. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "शहाणी गं माझी ती!"

बाबा त्याच गाडीने आले.

नाशिकरोडला उतरून त्यांनी रहमानचा टांगा शोधला. स्टेशनाबाहेर दुसरे तीन टांगे होते, पण ते पुढे धावत सुटलेल्यांनी पटकावले, आणि बाबांना धावता येत नव्हतं. रहमान येईलच म्हणून ते अर्धा तास बाकावर बसले. शेवटची मोटार तेवढ्यात निघून गेली. मग पत्र्याची पेटी चहावाल्याकडे ठेवून, अंगाला घोंगडी गुंडाळून ते चालायला लागले. सकाळपर्यंत थांबता आलं असतं. पुढे कधीतरी आत्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घर इतकं जवळ आल्यावर कोण थांबतं?" घर सात मैल होतं.

अकरा वाजले असतील. वस्ती कधीच झोपली होती. दारावर थाप नाही, कोणीतरी हाताने दार चाचपडतंय असा आवाज आला. आत्या उठून बसली. "दानू?" ती म्हणाली. नुसत्या आवाजावरून. दार उघडलं तर बाबा चौकटीला धरून उभे. श्वास इतका वर लागलेला की बराच वेळ बोलता आलं नाही. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली तर घोंगडी दवाने ओली होती. आणि मग ते हसले. बाबांचं हसू म्हणजे आधी खोकला, मग हसू.

"तीन दारं चुकलो," ते म्हणाले. "अंधारात सगळी सारखीच. प्रत्येक दाराशी कंदील डोक्याला लागतोय, तुडुंब भरलेला. चाळीस घरांत चाळीस कंदील, आणि पेटलेला एक नाही. कोणासाठी भरून ठेवलेत गं ताई?"

आत्या बाहेर गेली, खुंटीवरचा कंदील काढून आणला आणि पेटवला. दोन आठवडे जपलेला. त्या उजेडात बाबांचा चेहरा दिसला, ओठ निळसर, गालांची हाडं वर आलेली. तिने झाकून ठेवलेलं दूध गरम केलं आणि त्यांना पाजलं. मी कोपऱ्यात उभी होते. "रहमान कसा काय आला नाही आज," बाबा म्हणाले, "रोज असतो." आत्याने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. दोघींनीही नजर काढून घेतली.

पहाटेपर्यंत ताप भरला. दवाखान्यातले डॉक्टर आले, छाती तपासली. "थंडीत चालल्याने झालं की होणारच होतं, सांगता येत नाही," असं ते म्हणाले. ते वाक्य मी आजतागायत धरून बसले आहे. कधी पहिला भाग धरते, कधी दुसरा.

सकाळी रहमानचाचा धावत आला. बाबांच्या उशाशी बसून हात जोडले. "दानूभाऊ, माफी करा. कालच नेमका गेलो नाय. बत्तीचं तेल संपलं होतं. माझाच गलथानपणा." एवढंच. मी दारात उभी होते, तो आता माझ्याकडे बघेल म्हणून. त्याने बघितलंच नाही, अगदी ठरवून. मला तेव्हा त्याचा राग आला. त्याने सांगून टाकलं असतं तर मार खाऊन मी मोकळी झाले असते.

आत्याने त्या विषयावर मला आयुष्यात एकच वाक्य ऐकवलं. तो गेल्यावर फळीवरची अर्धी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आजपासून दिवेलागणीला चाचाच्या टांग्याची बत्ती तू भरायचीस." मला ती शहाणी म्हणाली होती त्याबद्दल ती काही बोलली नाही. पण त्या रात्री ती प्रार्थनेला गुडघ्यांवर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ होती, आणि मला माहीत होतं की ती माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी क्षमा मागतेय. मोठ्या माणसालाही ती मागावी लागते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी, चौथ्या, पाहणीच्या बायका आल्या. आमचा कंदील हलवला. डुचमळला. काचेवर काजळी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"रिबकाबाई, हा पेटवलात?"

"रोज पेटवते. दाराबाहेर."

"नाताळाच्या आधीच? अहो, प्रभूसाठी ठेवलेला ना?"

"त्याच्याचसाठी," आत्या म्हणाली. "मागच्या रविवारी आमच्याकडे एक जण अंधारात तीन दारं चुकून आला. त्याचीही वाटच बघत होतो आम्ही. दुसऱ्याचं तसं होऊ नये."

"तेल किती लागेल, बाई!"

"भाजी फोडणीवाचून करीन, ते पैसे घासलेटाला."

त्या आठवड्यात आमची जी चर्चा झाली ती काय वर्णावी. रिबकाबाईंनी रीत मोडली, रिबकाबाईंचं भावाच्या काळजीने डोकं फिरलं, एक ना दोन. आत्याला चर्चेची सवय नव्हती, तिला ते लागलं. पण कंदील पेटत राहिला. पाळकसाहेब येऊन कंदिलाखाली उभे राहून बघून गेले. पुढच्या वर्षी चार-पाच घरांतले पेटले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. चाळीसच्या चाळीस कधीच नाही. काही लोकांना भरलेला कंदील बघण्यातच समाधान असतं.

आणि नाटक? झालं. त्याच चौथ्या रविवारी संध्याकाळी. बाबा घरी तापात पडलेले. तुम्हांला वाटेल की मी ऐनवेळी वाक्य विसरले, किंवा रडले, किंवा मूर्ख कुमारींना तेल देऊन टाकलं. असं काही झालं नाही. मी ठसक्यात, बिनचूक म्हटलं. हात पुढे, मान वळवून. टाळ्या पडल्या. पाळकसाहेब म्हणाले, "शाबास, सुवार्ता!" पहिल्या रांगेत आत्या खाली मान घालून पदराची दशी ओढत बसली होती. मला घरी जायची लाज वाटत होती, तरी मी गेले. दुसरं जाणार कुठे?

पुढे मी पस्तीस वर्षं शाळेत ही गोष्ट मुलींना शिकवली. गोष्ट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, माझी तेवढी योग्यता नाही. मात्र एक गोष्ट शिकवता शिकवता माझ्या लक्षात आली. त्या दहा जणी झोपल्या, पाच जणींचं तेल संपलं, सगळं खरं. पण दिवे दहाही जणींचे पेटलेले होते. मूर्ख म्हणाल्या की आमचे विझताहेत. विझायला ते आधी पेटलेले असावे लागतात. त्या मूर्खांनीसुद्धा आपलं तेल जाळलं होतं. न पेटवता जपून ठेवायची अक्कल त्या गोष्टीत कुणालाच सुचलेली नाही. ती आमच्या चाळीस घरांची.

बाबा त्या तापातून उठले. एवढं मोठं वाक्य मी इतक्या साधेपणाने लिहिते आहे, पण तेव्हा एकवीस दिवस मी त्या एका वाक्याची वाट पाहिली होती. ते उठले, पण कारखान्यात परत गेले नाहीत. रंधा धरला की दम लागायचा. मग त्यांनी घरातलं एक काम स्वतःकडे घेतलं. आगमनकाळ असो-नसो, रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसायची, वात कापायची, पेटवायचा, खुंटीला लावायचा. समोरून मी ओढ्याकडे जायची, चाचाची बत्ती भरायला. घोडीला पेरू, बत्तीला तेल. परत येताना आमच्या दारातला उजेड लांबून दिसायचा आणि बाबांची सावली त्यात हलायची. मला रोज वाटायचं, आज सांगावं. रोज मी म्हणायची, उद्या. बाबा खोकले की मी आत निघून जायची, आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं. एकही दिवस असा नव्हता की ते मला आठवलं नाही.

पाच वर्षं अशी गेली. मी पंधरा वर्षांची झाले. युरोपात लढाई सुरू झाली होती, घासलेट महागलं होतं, आणि नव्या वर्षात मी शिक्षिकेच्या शिक्षणाला पुण्याला जाणार होते. आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. आत्या देवळात, मी चाचाकडून परत आलेली, बाबा ओट्यावर काच पुसत बसलेले. मी पायरीवर बसले आणि म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे.

"बाबा, तुम्ही आलात त्या दिवशी चाचाने माझ्याकडे तेल मागितलं होतं. होतं आपल्याकडे. मी दिलं नाही."

बाबांचा हात थांबला नाही. फडकं काचेत घालून ते गोल फिरवत राहिले.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"चाचाने सांगितलं?"

"छे. तूच सांगितलंस. मी तापात पडलो होतो तेव्हा तू माझ्या शेजारी झोपायचीस. झोपेत रोज तेच वाक्य म्हणायचीस. तेल मिळायचं नाही, जा, दुकानातून विकत आणा. आधी वाटलं नाटकाचं आहे. पण नाटकाचं वाक्य म्हणताना कोणी रडत नाही. आणि रहमान म्हणालाच होता, तेल संपलं होतं म्हणून."

मी रागावले. कोणावर ते आजही सांगता येणार नाही.

"मग पाच वर्षं काही बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"आणि मी सांगितलंच नसतं तर? पुण्याला निघून गेले असते तर?"

"तर थांबलो असतो," बाबा म्हणाले. "मला कुठे जायचं होतं?"

मग त्यांनी काच कंदिलावर बसवली, काडी ओढली आणि वात वर केली. "जा, लाव खुंटीला," ते म्हणाले, "आत्या यायची वेळ झाली."